जगतापसाहेबांची ‘ही’

जगतापसाहेब मला पहिल्यांदा जिन्यात भेटले, आणि त्या दिवशी मी भिंतीला पाठ लावून बराच वेळ एका बाईला वाट देत उभा राहिलो. ती बाई काही आली नाही.

आम्ही दम्माममधल्या या बिल्डिंगमध्ये नुकतेच राहायला आलो होतो. पहाटेची अजान होऊन गेली होती आणि मी दूध आणायला खाली निघालो होतो. खालून एक साठीचे गृहस्थ वर येत होते. डोक्याला लोकरीची टोपी, पाठीवर फुगलेली सॅक, पायांत जाडजूड बूट आणि दोन्ही हातांत डोंगर चढायच्या काठ्या. आता दम्माम हे परातीसारखं सपाट गाव. इथं चढण म्हणून काही असेल तर ती फ्लायओव्हरची. मला वाटलं, कुठून तरी प्रवासाहून आलेत आणि लिफ्ट बंद आहे. लिफ्ट चालू होती.

“जरा कडेला व्हा हं,” ते मराठीत म्हणाले. मी मराठी आहे हे त्यांनी माझ्या हातातल्या पिशवीवरून ओळखलं असावं. तिच्यावर चिंचवडच्या एका साडीच्या दुकानाचं नाव होतं. “ही येतेय मागून. हिचा गुडघा धरलाय.”

मी कडेला झालो. ते पुढे गेले. मी आदबीनं उभाच. वरून काठ्यांचा टक-टक आवाज येत राहिला आणि मधूनच त्यांचा आवाज, “अगं, दम खा जरा. घाई कुणाला आहे?” शेवटी मी वाकून खाली पाहिलं. जिना तळापर्यंत रिकामा होता.

दूध न घेताच मी घरी परतलो आणि बायकोला, वैशालीला, सगळं सांगितलं.

“त्यांची बायको खाली राहिली असेल,” ती म्हणाली.

“खाली कुणी नव्हतं.”

“मग आधीच वर गेली असेल.” वैशालीकडे प्रत्येक गोष्टीचा खुलासा असतो. आमचा संसार त्याच्यावरच चाललाय.

खरा खुलासा कमालनं केला. कमाल हा आमच्या बिल्डिंगचा हारिस, म्हणजे राखणदार, मूळचा बांगलादेशचा. “मॅडम तो तीन साल पहले गुजर गई,” तो म्हणाला. पण तोच कमाल रोज सकाळी जगतापसाहेबांना दोनदा सलाम करताना मी पाहिला होता. एकदा त्यांना आणि एकदा त्यांच्या मागच्या पायरीला. ते कसं काय, असं विचारल्यावर तो खजील झाला. “दूसरा सलाम नहीं किया तो साहब रुके रहते हैं. और साहब रुकते हैं तो मुझे लगता है, कोई और भी रुका है.”

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. पण त्यानंतर मी लिफ्टनंच जाऊ लागलो.

जगतापसाहेब मूळचे नाशिकचे. एका मोठ्या कारखान्यात पाइपांची वेल्डिंगं तपासायचं काम त्यांनी उभी हयात केलं, आणि जोडलेल्या वस्तूत फट कुठं आहे ते त्यांना अंधारातही कळायचं, असं त्यांच्याकडचे लोक सांगत. बोलायला लाघवी. फक्त एका बाबतीत त्यांचं डोकं फिरायचं. ओळख वाढवावी म्हणून वैशाली त्यांना सहज म्हणाली, “काका, आमच्या ईशाला इटालियन फार आवडतं.”

“कोणत्या प्रांताचं?”

“म्हणजे, पास्ता वगैरे.”

“प्रांत सांगा, ताई, प्रांत. इटालियन असं काही नसतं. उद्या कुणी म्हणालं, मला महाराष्ट्रीय आवडतं, तर त्याला वाढणार काय? सावजी रस्सा की सोलकढी?”

आमची ईशा दहा वर्षांची. मराठी तिला कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती म्हणाली, “द चीज वन.” जगतापसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

त्याचं असं होतं की इथली आम्ही सगळी माणसं वार्षिक रजेला खजूर आणि चॉकलेटं भरून गावी पळतो, आणि जगताप नवरा-बायको इटलीला जात. दर रजेला एक प्रांत. मूलबाळ नव्हतं. ती इथल्या एका इंडियन स्कूलमध्ये चित्रकला शिकवायची. “खाणं माझं, चित्रं हिची, डोंगर दोघांचे,” अशी त्यांनी वाटणी केली होती. पहाटेचा जिना हा त्याच डोंगरांचा सराव. सकाळी डोंगर, दुपारी जेवण, संध्याकाळी एखाद्या चर्चमधल्या चित्रांच्या भिंतीपुढं उभं राहायचं. हे सांगताना ते कधीही ‘जायचो’ म्हणत नसत. “आम्ही जातो,” म्हणत. “आम्हाला लिगुरियाचे डोंगर मानवतात. समुद्र दिसत राहतो, हिला बरं वाटतं.” ऐकणारा मनातल्या मनात व्याकरण दुरुस्त करायचा आणि गप्प बसायचा.

उंब्रियात ऑर्व्हिएतो म्हणून एक गाव आहे. तिथल्या चर्चमधल्या एका भिंतीवर मेलेली माणसं जमिनीतून वर येताना काढलीयत. “हातांचे कोपर जमिनीवर टेकवून येतात,” जगतापसाहेब सांगत. “विहिरीतून पोरं काठावर चढतात ना, तशी. काही पुरती निघालीत, काही कमरेपर्यंतच. ही त्या भिंतीपुढून हलेना. मी म्हटलं, अगं, मला भूक लागलीय. तर हिचं म्हणणं, यांनाही लागली असणार, इतक्या दिवसांची.” हे सांगून ते खूप हसायचे. आम्हीही हसायचो, पण थोडं उशिरा.

शुक्रवारी दुपारी त्यांच्याकडे आम्हाला बोलावणं असे. त्याला ते ‘प्रांतभोजन’ म्हणत. पहिल्या खेपेला लिगुरिया होता. हरभऱ्याच्या पिठाचं, भट्टीत भाजतात तसलं काहीतरी त्यांनी ओव्हनमधून काढलं. वैशाली घास घेऊन म्हणाली, “हे तर आपलं धिरडं.”

“लिगुरियाचं धिरडं,” ते गंभीरपणे म्हणाले.

टेबलावर आमच्या तिघांच्या आणि त्यांच्या अशा चार ताटल्या असायला हव्या होत्या. पाच होत्या. पाचव्या ताटलीत त्यांनी एक छोटा तुकडा वाढला. “हिला कमीच वाढतो. जड होतं.” ईशा नेमकी त्या ताटलीशेजारच्या खुर्चीकडे निघाली. वैशालीनं तिला डोळ्यांनी दटावलं, तर जगतापसाहेब म्हणाले, “बसू दे. हिला मुलं आवडतात.” मग वैशालीला घास गिळवेना.

जेवण रंगलं, गप्पा झाल्या, आणि निघताना ईशाला टेबलाला वळसा घालून यायचा कंटाळा आला म्हणून ती त्या रिकाम्या खुर्चीवर गुडघे टेकून अलीकडे उतरली. घरी आल्यावर म्हणाली, “आई, दॅट चेअर वॉज वॉर्म.”

“ओव्हनशेजारची खुर्ची. तापणारच,” वैशालीनं तत्काळ खुलासा केला. ओव्हन समोरच्या भिंतीला होता.

त्यांच्या हॉलमध्ये फोटो लावले होते. जुन्या फोटोंत ती होती. बारीक चणीची, कपाळावर आडवा हात धरून उन्हाकडे बघणारी. ती गेल्यावर जगतापसाहेब आणखी दोन प्रांतांत एकटेच जाऊन आले होते, आब्रुत्सो आणि बासिलिकाता. तिथले फोटो वाटेवरच्या कुणा परक्या माणसाकडून काढून घेतलेले. डोंगरमाथा, ढग, आणि जगतापसाहेब फोटोच्या एका कडेला. उजवा हात खांद्याएवढ्या उंचीवर बाजूला धरलेला, बोटं सैल, तळवा खाली, कशावर तरी टेकल्यासारखा. मी घरी येऊन आरशासमोर तसा हात धरून पाहिला. लगेच अवघडला. त्यांच्या चेहऱ्यावर अवघडल्याची खूण नव्हती.

“बासिलिकातात वेटरनं न विचारताच दोन चमचे आणले,” ते कौतुकानं म्हणाले. “तिकडच्या लोकांना समज आहे.”

आता स्वयंपाकघराकडे येतो. आमची आणि त्यांची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये हवेसाठी एक अरुंद बोळ, तळापासून गच्चीपर्यंत गेलेला, आणि दोन्हीकडच्या खिडक्या त्यात उघडतात. त्या बोळातून त्यांचा लसूण आमच्याकडे येतो आणि आमची फोडणी त्यांच्याकडे जाते. बोलणंही जातं.

एका शुक्रवारी वैशाली पोळ्या लाटत होती आणि मी हॉलमध्ये इस्त्री करत होतो. बोळातून आवाज आला, “अगं, मीठ बघतेस का?”

“घातलंय हो,” वैशाली लाटता लाटता म्हणाली. “आता परत घालू नका.”

यात तिची काही चूक नाही. सबंध बिल्डिंगमध्ये मल्याळी, पाकिस्तानी आणि इजिप्तचे लोक. ‘अगं’ म्हटलं की ओ देणारी ती एकटीच. शिवाय मीही अगदी असंच विचारतो. मराठी नवऱ्यांना हा एकच सूर येतो. दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की मी उलट्या दिशेला आहे, आणि तिचं लाटणं थांबलं. पलीकडे चमचा खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग अगदी हळू, “बरं.”

दुपारी त्यांनी नेहमीसारखी आमच्यासाठी ताटली पाठवली. त्यात मीठ नावालाही नव्हतं. आम्ही निमूटपणे खाल्लं.

तेव्हापासून त्यांचं विचारणं वाढलं. अगं, माझा निळा मफलर कुठाय. अगं, आज काय वार. वैशाली हात जोडून ओट्याशी उभी राहायची आणि श्वाससुद्धा घ्यायची नाही. “उत्तर येईपर्यंत ते हलत नाहीत हो,” ती मला सांगायची. “तिकडे उभे आहेत ते ऐकू येतं मला.” उभं राहणं कसं ऐकू येईल, असं मी म्हणालो. मग एकदा तिनं मला ओट्याशी उभं केलं, आणि मला ते ऐकू आलं.

एके दिवशी तिला राहवेना. ती म्हणाली, “कपाटात बघा.” मफलर कपाटात सापडला. ‘कपाटात बघा’ हे उत्तर कुठल्याही मराठी घरात दहातल्या नऊ वेळा बरोबरच येतं, त्यात चमत्कार काही नाही, असं मी तिला समजावलं. हे थांबव, असंही म्हणालो. तिलाही ते पटत होतं. पण आतून ईशा ओरडायची, “आई, ही इज कॉलिंग यू अगेन,” आणि वैशाली पदर खोचून ओट्याकडे जायची.

एकदा मात्र मी स्वतः तिथं उभा होतो. वैशाली खिडकीकडे तोंड करून म्हणाली, “अजून नाही उकळलं.” आणि त्यानंतर पलीकडून आवाज आला, “अगं, पाणी उकळलं का?” वैशालीनं वळून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. “ते विचारून झालं होतं ना?” ती म्हणाली. मी मान हलवून ‘हो’ म्हणालो. बायकोशी मी फार थोड्या वेळा खोटं बोललोय, त्यातली ही एक.

मग जगतापसाहेबांचं खुरूज आलं. खुरूज म्हणजे इथून कायमचं निघायचा शिक्का. कंपनीनं निरोप दिला, फ्लॅट सोडायची तारीख ठरली, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपत आला. तो संपल्यावरही इथं राहिलात तर दंड, आणि वेळ आली तर कोठडी. तिथं मिठाबद्दल कुणी विचारत नाही. तिकीट त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं, तेही नाशिकचं नाही, रोमचं. वीस प्रांतांतला एक राहिला होता, मोलीझे. “इटलीतले लोकच थट्टेनं म्हणतात की हा प्रांत अस्तित्वातच नाही,” ते म्हणाले. “म्हणून हिनं तो शेवटी ठेवला.” तिथं जायचं, डोंगर चढायचा, जेवायचं, आणि मग नाशिकला पुतण्याकडे.

सगळं ठरलेलं. पण माणूस बॅगा भरेना. पुतण्याचे मला फोन येऊ लागले. कंपनीचा माणूस येऊन गेला. जगतापसाहेब सगळ्यांना चहा देत आणि एकच सांगत, “ही काही बोलत नाहीये. हिला विचारल्याशिवाय कसा निघू?”

मला धास्ती वाटू लागली. आठ दिवसांत हा भला माणूस पोलिसांच्या ताब्यात जाईल, आणि अडलंय तर आमच्या स्वयंपाकघरात. वैशालीनंच पुढाकार घेतला. संध्याकाळी बोळातून प्रश्न आला, “अगं, निघू या का आता?” तिनं पदरानं कपाळ पुसलं आणि म्हणाली, “तुम्ही व्हा पुढे. मी येतेच मागून.”

गॅस बंद करून, कुलूप घालून, दार ओढून बघणारी प्रत्येक मराठी बायको नवऱ्याला हे वाक्य ऐकवते. मी तिला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क दिले.

थोड्या वेळानं आमची बेल वाजली. जगतापसाहेब दारात. आत येऊन बसले, चहा घेतला, कप खाली ठेवला.

“वैशालीताई, तुमचे आभार मानायला आलो. वर्षभर तुम्ही मला फार सांभाळलंत.”

वैशालीला कुठं बघावं ते कळेना. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्या दिवसापासून. ‘घालू नका’ म्हणालात तुम्ही. आता ही मला नका-बिका कधी म्हणाली नाही. आम्ही नाशिकच्या ट्रेकिंग क्लबातले. साल्हेरच्या वाटेवर ओळख झाली, आणि डोंगरात सगळेच अरे-तुरे. लग्नानंतर आईनं हिला ‘अहो’ शिकवायला घेतलं. सणापुरतं टिकलं. हॉस्पिटलमध्ये शेवटचं बोलली तेव्हाही मी ‘अरे’च होतो.” ते जरा थांबले. “तुमचं ‘अहो’ ऐकलं की कळायचं, ही नव्हे. पण आतून बाईमाणसाचा आवाज आला की हातातलं काम पुरं व्हायचं. वाईट नका वाटून घेऊ. तुमचं बोलणं घरातलंच समजून ऐकत होतो मी.”

त्यांनी रिकामा कप फिरवला.

“चार वर्षांत मला कुणी ‘अरे’ म्हटलेलं नाही. साठीच्या माणसाला असं म्हणणारं उरतं कोण? आईवडील गेले. ही गेली. बाकी सगळे साहेब म्हणतात.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “पण मग निघायचं नक्की ना?”

“ही म्हणाली की निघतो,” ते साधेपणानं म्हणाले, आणि उठले.

ते गेल्यावर वैशाली बराच वेळ कप विसळत राहिली. मग म्हणाली, “मी म्हणेन.”

“काय?”

“अरे.”

तुम्हाला आमची वैशाली माहीत नाही. साताऱ्याच्या घरातली. माझ्या धाकट्या भावाला, ज्याला तिनं शाळेत जाताना पाहिलंय, ती ‘अहो भाऊजी’ म्हणते. टॅक्सीवाल्याला ‘आप’, डिलिव्हरीच्या पोराला ‘आप’. तिनं सरावाला सुरुवात केली. कुकरला म्हणायची, “अरे, ऊठ.” कुकरला व्यवस्थित जमायचं. माझ्यावर करून बघ म्हटलं, तर माझ्यासमोर उभी राहिली, “अरे,” म्हणाली, लाल झाली आणि म्हणाली, “अहो, जाऊ द्या.”

निघायचा दिवस उजाडला. विमान दुपारचं. कमालनं बॅगा खाली नेल्या, गाडी दारात लागली. जगतापसाहेब त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसलेले, मी शेजारी उभा. टोपी घातलेली, बूट बांधलेले, काठ्या भिंतीला टेकवलेल्या. नजर बोळाच्या खिडकीकडे. मी दोनदा म्हणालो, “साहेब, उशीर होतोय.” ते ऐकतच नव्हते.

मी खाकरलो. ती आमची खूण होती; मी खाकरलो की वैशालीनं पलीकडून बोलायचं. काही नाही. मी पुन्हा खाकरलो. खाली गाडीचा हॉर्न वाजला. रिकाम्या घरात त्या हॉर्नचा घुमारा किती तरी वेळ राहिला. ते उठणार नाहीत, अशी माझी खात्री झाली.

तेवढ्यात खिडकीतून बाईचा आवाज आला. स्वच्छ, जरासा वैतागलेला.

“अरे, ऊठ ना. किती वेळ लावतोस.”

माझ्या अंगावर काटा आला. इतकं हुबेहूब तिनं म्हटलं होतं. जगतापसाहेबांचा चेहरा मी बघत होतो. त्यावरची साठ वर्षं कुणीतरी पुसून टाकावीत तसा तो झाला होता.

“आलो,” ते म्हणाले. “आलो गं.” काठ्या उचलल्या आणि माझ्याही आधी दाराबाहेर पडले. गाडीत बसताना त्यांनी माझा हात दाबला, “येतो,” म्हणाले, आणि गाडी गेली.

मी लिफ्टची वाट न बघता जिन्यानं धावत वर आलो. वैशालीला मिठीच मारणार होतो. ती आमच्या स्वयंपाकघरात, खिडकीखाली जमिनीवर बसली होती. पदराचा बोळा तोंडाशी धरलेला, डोळे लाल.

“नाही हो जमलं मला,” ती रडत म्हणाली. “चार वेळा तोंड उघडलं, पण शब्दच फुटेना. अजून तसेच बसलेत का हो ते?”

“निघाले,” मी म्हणालो, आणि खिडकी लावून घेतली.